हिरव्या पाटीच्या गाडीने आंबागड

भंडारा जिल्ह्यातला आंबागडचा किल्ला मी गेली बारा वर्षं ‘पुढच्या महिन्यात’ बघणार होते. मार्चमध्ये गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं की पायऱ्या चढायची हौस असेल तर ती आत्ताच भागवून घ्या. घरी आल्या आल्या धनराजभाऊंना फोन लावला. ते नागपुरात अ‍ॅपवरची टॅक्सी चालवतात आणि माझी स्टेशनची, दवाखान्याची ने-आण गेली तीन वर्षं तेच करतात. दोन दिवस, एक मुक्काम, टोल धरून चार हजार ठरले.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला गाडी दारात आली आणि मी पायरीवरच थबकले. नंबराची पाटी हिरवी. म्हणजे इलेक्ट्रिक! अ‍ॅपवर अशी गाडी आली की सरळ कॅन्सल करणारी मी बाई.

“तुमची पांढरी गाडी कुठाय?”

“थे मालकाले वापस केली जी. ही कंपनीनं पंधरा दिवस ट्रायलले देली. सोमवारी सांगा लागते, तीन वर्षांचा करार करतो का वापस करतो.”

आता दुसरी गाडी शोधायची तर ऊन डोक्यावर येणार. नाइलाजाने बसले. पारडीला तर्री-पोहे खाताना मी विचारलं, “मग काय ठरवलंय?”

“वापसच करा लागन असं वाटते,” ते म्हणाले. “गाडी तं मख्खन आहे मॅडम, पेट्रोलची कटकट नाही. पण घरी चार्जच होत नाही. वायर लावली का चार्जरचा लाल लाइट लागते. कंपनीवाला म्हणते तुमच्या घरात फॉल्ट आहे. घरमालक म्हणते तुमच्या गाडीत फॉल्ट आहे, माझ्या बोर्डाले हात लावाचा नाही. मंग रोज संध्याकाळी बाहेरच्या चार्जरवर दोन-दोन घंटे नंबर. धंद्याचा टाइमच थो. डबा बी तिथंच खातो. लांबची सवारी आली का चार्ज पुरन का नाही म्हणून कॅन्सल करतो, अन् रेटिंग खाली जाते. बायको म्हणते, पोरीनं आठ दिवस झाले बाप नाही पाह्यला, देऊन टाका गाडी.”

“आणि अशा गाडीने मला आंबागडला नेताय?”

“तुमी ओळखीच्या आहात जी. रस्त्यात बसलो तरी शिव्या नाही पडाच्या.”

“त्याची खात्री धरू नका,” मी म्हणाले.

रस्ता मात्र सुरेख. भंडाऱ्यापर्यंत चौपदरी, गाडी आवाज न करता पळते, आणि आपण उगाच हळू आवाजात बोलायला लागतो. धनराजभाऊंची नजर मात्र रस्त्यापेक्षा पडद्यावरच्या आकड्यावर जास्त. निघताना अठ्ठ्याऐंशी टक्के होते. ते वाचवायला एसी बंद, आणि मी वर्तमानपत्राने वारा घेतेय! भंडाऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलात चार्जर आहेत. दोनपैकी एक बंद, दुसऱ्यावर आधीच एक टॅक्सी लावलेली आणि तिचा चालक आत गाढ झोपलेला. आम्ही वाट पाहत लाखोरीच्या डाळीचे गरम वडे खाल्ले. (प्लेट तीस रुपये, चटणी मागून घ्या, फार झणझणीत असते.) चालक काही उठेना. बावन्न टक्के उरले होते आणि मोबाइलचा नकाशा तुमसरलाही चार्जर दाखवत होता, म्हणून पुढे निघालो.

तुमसरचा चार्जर सापडला, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तिथला चौकीदार म्हणाला, “आणून ठेवला आहे, लाइन कुठं देली अजून?” मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी एकला आंबागडला पोचलो तेव्हा चोवीस टक्के उरले होते. भंडाऱ्यापर्यंत परत जायला सत्तावीस तरी हवे, हा हिशेब धनराजभाऊंनी वाटेतच मांडला होता. मुक्काम पारबताबाईंच्या घरी होता. माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीतलं हे शेतकरी कुटुंब, घर किल्ल्याच्या पायथ्याशी. पारबताबाई एकट्याच घरी होत्या. “आमचे हे बांधीत गेले जी, उन्हाळी धानाले पानी सोडाले,” असं सांगत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

धनराजभाऊंनी पाणीसुद्धा न पिता पडवीतल्या मोठ्या प्लगला गाडीसोबतच्या चार्जरची वायर लावली. चार्जरवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली, पुन्हा लालच.

“पाह्यलं?” ते म्हणाले. “दोन घरं, अन् दोन्हीकडं लालच. म्हणजे गाडीतच खोट आहे. घरमालक बरोबर बोलत होते. गेल्या गेल्या वापस करतो.” माणूस खरंच खचला होता. मीही काही थोर वागले नाही. ही गाडी ओढून न्यायला किती पैसे लागतील, असं त्यांनाच विचारलं.

पारबताबाई वाकून तो दिवा बघत होत्या. “अर्थिंग सुकलं असन जी,” त्या म्हणाल्या. “उन्हाळा लागला का आमच्या फ्रिजले हात लावाची सोय नाही, झिनझिन करते. मंग तिथं मिठाचं पानी टाका लागते.”

घरातल्या विजेची एक तार अंगणात जमिनीत पुरलेली असते, भलता करंट मातीत जावा म्हणून. मातीच वाळून खडंग झाली तर तार असून नसल्यासारखी, आणि मग चार्जरही लाल दिवा दाखवून अडून बसतो. पारबताबाईंनी बादलीत मूठभर खडे मीठ विरघळवलं आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे निघाल्या.

“काकू, करंट आहे अन् तुमी पानी टाकून राहिल्या!” धनराजभाऊ ओरडले.

“मंग वायर काढ ना बाबू पयले,” त्या शांतपणे म्हणाल्या.

ती तार जिथे जमिनीत जाते, तिथल्या पाइपाच्या बुडाशी त्यांनी दोन बादल्या ओतल्या. पाणी मुरेपर्यंत आम्हाला बळेच जेवायला बसवलं. वरण, भात, जवसाची चटणी. मी घड्याळ बघत जेवले. जेवणानंतर धनराजभाऊंनी वायर लावली आणि दिवा हिरवा झाला.

माझा जीव भांड्यात पडला. धनराजभाऊ बाजेवर मटकन बसले आणि म्हणाले, “गाडीत खोट नाही! मॅडम, गाडीत खोट नाही!” मग ते उठून गाडीला एक चक्कर मारून आले आणि पुन्हा बसले. पारबताबाई हसून हसून बेजार.

दुसऱ्या दिवशी सहाला किल्ल्याकडे निघालो. ज्यांना जायचंय त्यांनी असंच लवकर निघावं, नऊनंतर ऊन सोसत नाही, आणि वर पाण्याचा थेंब मिळत नाही. पायथ्याच्या झाडांखाली बायका टोपल्यांत मोहफुलं वेचत होत्या, हवेला त्यांचा गोडसर वास. गुडघा चार वेळा कुरकुरला, मी पाच वेळा बसले, पण पोचले! बुरुजावरून खाली गावाचं तळं आणि उन्हाळी धानाचे हिरवे चौकोन दिसत होते. बारा वर्षं कशाची वाट पाहत होते कोण जाणे.

खाली आलो तेव्हा सत्त्याण्णव टक्के. विजेचे म्हणून दोनशे रुपये दिले, ते पारबताबाईंनी आढेवेढे न घेता घेतले. परतीला एसी जोरात लावला. भंडाऱ्याच्या त्या हॉटेलावर फक्त चहासाठी थांबलो.

नागपूर आल्यावर धनराजभाऊ म्हणाले, “घरमालकाशी तुमीच बोला मॅडम. माझं थे ऐकत नाही.” मी थकले होते, तरी गेले. घरमालक आधी गुरगुरले. अंगणातला अर्थिंगचा पाइप दाखवा म्हटल्यावर शोधाशोध झाली, आणि कळलं की दोन वर्षांपूर्वी फरशी बसवताना त्याची तारच तुटली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आतून त्यांची सून म्हणाली, “म्हणूनच वॉशिंग मशीनचा झटका लागते मले. मी सांगून सांगून थकली.” घरमालक रविवारी वायरमन बोलावतो म्हणाले.

या सहलीतला किल्ला लक्षात राहिला, मोहफुलांचा वास राहिला, आणि थोडी लाजही राहिली. चांगली गाडी मी दोन दिवस मनात शिव्या देत वापरली. धनराजभाऊ तर ती सोडायलाच निघाले होते, आणि दोष त्यांच्याच अंगणात फरशीखाली होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

सोमवारी संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. नंबर धनराजभाऊंचा, आवाज त्यांच्या बायकोचा.

“मॅडम, यायनं सही केली करारावर. बोलाले फोन देला असता जी, पण थे आता पोरीसंग जेवाले बसले आहेत.”