जहाजाचा पितळी कठडा

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या बळावर लिहायला बसलो, हा आगाऊपणा माफ करावा. लिहिणार आहे तेही एका पितळी तुकड्याबद्दल.

कॉलेजातल्या सरांनी मला जहाजाच्या मॉडेलचा संच दिला होता. त्याचे कठडे केसासारखे बारीक, पातळ पितळी पत्र्यातून कापून काढायचे. ते उडू नयेत म्हणून मी पंखा बंद करून मायजवळ बसायचो. ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. एका दुपारी कात्री लावताच एक कठडा टिचकन उडाला. मी जमीन चाचपत राहिलो, माय वळत राहिली. बिड्या कंपनीत देऊन ती परतल्यावर मला सुचलं आणि मी तिला विचारलं, तो सुपातल्या तंबाखूत पडला असेल तर?

"बिडीत पितळ निघालं तं काम बंद करतीन," माय एवढंच बोलली.

जहाज तसंच राहिलं. माय कंपनीतून आली की मी आधी तिचा चेहरा पाहायचो.

शेवटी नवेगाव बांधहून मामाचा फोन आला. माय नेहमी त्याच्यासाठी थोड्या बिड्या बाजूला काढून पाठवायची.

"बाई, ओढून ओढून गाल दुखले, तरी धूर येऊन नाही राहिला," तो ओरडत होता. "फोडून पाहतो तं आत पितळेची जाळी! कायले भरून राहिली वो?"