नवनाथभाऊचा कान

कल्पना करा, डिसेंबरातल्या सकाळी चाकणच्या पुढे एका माळावर तुम्ही जुन्या टू-स्ट्रोक गाडीपाशी उभे आहात. गाडी उंच आणि सडपातळ, डांबरी रस्त्यासाठी नाही तर मुरूम, दगड आणि ओढे तुडवण्यासाठी बनवलेली. तिच्या टाकीत नुसतं पेट्रोल ओतून भागत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळावं लागतं, कारण या इंजिनाला वंगण मिळतं ते त्यातूनच. चोक ओढा. किकवर पाय ठेवा आणि पिस्टन कुठे अडतो ते तळव्याला कळेपर्यंत हळूहळू दाबा. मग सगळं वजन एकदम टाका. दोन-चार वेळा ती खोकेल, निळसर धूर सोडेल आणि सुरू होईल.

इथवर कुणालाही जमेल. पुढचं काम कानाचं. हवा आणि पेट्रोल नेमक्या प्रमाणात आत जातंय का, हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं असतं. पेट्रोल कमी पडलं की चढावर इंजिनातून एक बारीक टिणटिण येते. ती ऐकून थांबलं नाही तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो.

माळावर हे काम नवनाथ करायचा. मूळचा केजकडचा, भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवर त्याची उमेदीची वर्षं गेली. तरुणपणी तो मोशीच्या एका शेतकरी कुटुंबाच्या चाळीत भाड्याने राहिला. त्या घरातल्या दादासाहेबांनी ही गाडी मायदेशी परतणाऱ्या कुणा परदेशी इंजिनिअरकडून हौसेने घेतली होती. ती बंद पडली की कुणालाच काही सुचायचं नाही. एका रविवारी नवनाथने ती उघडली, पुसली, पुन्हा जोडली, आणि तेव्हापासून ती त्याचीच झाली. कागदावर मात्र दादासाहेबांची, आणि ते गेल्यावर त्यांचा पुतण्या रविराजची.

रविराजची जमीन गोदामांखाली गेली होती. एक खडकाळ माळ तेवढा उरला होता. रविवारी जुन्या गाड्या घेऊन पोरं तिथे जमायची आणि प्रत्येक जण आधी नवनाथपुढे गाडी उभी करायचा. तो मान कलती करून ऐकायचा, कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवायचा आणि म्हणायचा, "जा." त्या एका शब्दावर कुणी वाद घातला नव्हता.

त्या सकाळी कडक थंडी होती. थंडीत हवा जड होते आणि पेट्रोल कमी पडतं, हे नवनाथला पाठ होतं. रविराज टेकाडावर एक फेरी मारून आला.

"भाऊ, चढाला टिणटिण येतीय. काचंच्या बरणीत खडं हालावं तशी."

"काय वाजायलंय? थांब, बघतो." नवनाथ स्वतः गाडी घेऊन टेकाड चढला. पूर्ण ॲक्सिलरेटर, कान इंजिनाकडे. खालच्या पट्टीतला भरदार आवाज स्वच्छ होता. तो परत आला. "काही नाही वाजायलं. हेल्मेटची क्लिप वाजत असंल तुझी."

पोरं हसली. रविराजही हसला. "व्हय, आसंल. तुमच्या कानापुढं आमचं काय!"

त्यानंतर तो खाणीच्या बाजूचा लांब चढ चढायला गेला. माथ्याजवळ पिस्टनने सिलिंडर धरला, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं आणि गाडी त्याला घेऊन उलटी खाली आली. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले.

इंजिन उघडल्यावर नवनाथने पिस्टन हातात घेतला. बाजूने ओरखडे होते, माथा उष्णतेने खरवडल्यासारखा झाला होता. असं एका मिनिटात होत नाही. म्हणजे टिणटिण होती. तो स्वतः टेकाड चढला तेव्हाही होती.

कंपनीत दरवर्षी कान तपासायला माणसं येत. कामगार हेडफोन लावून केबिनमध्ये बसायचा, काचेपलीकडचा टेक्निशियन आवाज सोडायचा, ऐकू आला की बटण दाबायचं. कमी ऐकू येतं असं निघालं तर प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकतात. म्हणून जुन्या लोकांनी नव्यांना एक युक्ती दिलेली होती: काचेतून टेक्निशियनच्या हाताकडे बघायचं. हात हलला की बटण. नवनाथने ती युक्ती आधी भीतीने वापरली, नंतर सवयीने. दरवर्षी कान चांगले निघायचे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचाही त्यावर विश्वास बसला होता.

आता तो बायकोला, शालनबाईला, घेऊन संत तुकाराम नगरातल्या एका खासगी दवाखान्यात गेला. मिनल नावाच्या तरुण मुलीने त्याला हेडफोन लावले आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं. सुरुवातीला भुंग्यासारखे घुमणारे आवाज आले. त्याने बटण दाबलं. मग शांत झालं. तो वाट बघत बसला. मशीन अडकलं असेल असं वाटून शेवटी म्हणाला, "मॅडम, सुरू करा की."

तिने हेडफोन काढले. "काका, सुरूच आहे. मघापासून."

शालनबाई मागून म्हणाली, "मी किती वर्षं सांगायले यांना. तर म्हणत्यात, तूच हळू बोलतीस."

"बोलणं बरंच ऐकू येतं, म्हणून माणसाला कळत नाही," मिनल म्हणाली. "प्रेसच्या दणक्याने आधी बारीक आवाज जातात. गेलेले परत येत नाहीत."

तिथून तो घरी गेला नाही. शालनबाईला रिक्षात बसवून मोशीला गेला. रविराज पाय उशीवर ठेवून पडला होता. नवनाथने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काचेची युक्तीसुद्धा.

"माझ्या कानानं तुझा पाय मोडला, रविराज. आता गाडीला हात लावणार नाही मी."

"मग कोन लावनार? त्या पोरान्ला यूट्यूब बघून नट उलटा पिळता येतोय, भाऊ." रविराज हसला, पण नवनाथ हसला नाही.

"तुला ऐकू आली होती ना टिणटिण?"

"व्हय."

"मी नाही म्हणल्यावर, दुसऱ्यांदा चढताना?"

रविराजने उशी सारखी केली. "तवाबी येत व्हती." मग आत बघून ओरडला, "च्या टाका गं दोन!"

कंपनीच्या पुढच्या तपासणीत नवनाथ काचेकडे पाठ करून बसला. शेजारच्या लाइनचा समाधान म्हणाला, "येडं लागलंय का राव? पॅकिंगला खोकी चिकटवत बसशील." तसंच झालं. आता तो पॅकिंगला खोकी चिकटवतो.

गाडीला नवा पिस्टन बसला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट बसला. चढावरून गाडी आली की नवनाथ आधी स्पार्क प्लग काढतो आणि उजेडात धरून त्याचा रंग बघतो. मातकट असला तर ठीक, पांढरा पडला तर पेट्रोल कमी. कान कलता करायची सवय अजून गेलेली नाही, पण "जा" हा शब्द तो आता वापरत नाही. "तुला काय ऐकू यायलंय?" असं प्रत्येकाला विचारतो. पोरांना उत्तर देताना अवघडल्यासारखं होतं.

रविराज लंगडत माळावर येतो, गाडीवर अजून बसत नाही. दोघं दगडावर शेजारी बसतात, गोदामांविषयी बोलतात, पाण्याच्या टँकरविषयी बोलतात. मधेच नवनाथ त्या दिवशीच्या चढाचा विषय काढतो, आणि रविराज दर वेळी उठून कुणाच्या तरी गाडीपाशी जातो.

नवनाथला दोष द्यायचा नाही, माफीही मागायची नाही, ती मागून झाली. त्याला एवढंच समजून घ्यायचं आहे: पोरा, तुझ्या धडधाकट कानाला ऐकू येत होतं, तरी तू माझं का मानलंस?