किती वाजेपर्यंत आहेस?

फोन आला तेव्हा मी धंतोलीच्या हॉस्पिटलमधून नुकतीच घरी येऊन चपला जागेवर ठेवत होते. "मावशी, आत्या गेली," माझ्या मैत्रिणीचा, कुसुमचा भाचा अनिल म्हणाला. त्यालाही हॉस्पिटलकडे जाताना रस्त्यातच कळलं होतं. घड्याळात पावणेसहा वाजले होते. मी तिच्याजवळून पाचला निघाले होते...

त्याला आता सहा आठवडे झाले. माझी नातवंडं, सई आणि नील, दूर देशी असतात. त्यांना कुसुमआजी ठाऊक आहे ती रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये मधेच डोकं घालून, "मी साडेसहापर्यंत आहे गा नील, काय बोलायचं ते बोलून घे," असं बजावणारी. ती असं का बोलायची, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. आता सांगते.

पन्नास वर्षांपूर्वी आम्ही दोघी नर्सिंगच्या होस्टेलमध्ये एका खोलीत राहत होतो. मी इंग्रजी शाळेतून आलेली, वह्यांना कव्हरं घालणारी. ती उमरेडकडच्या शेतकरी घरातली. "हिचा तं श्वासबी टाइमटेबलनं चालते," असं ती सगळ्यांना सांगे. इंग्रजी पुस्तकं मी तिला वाचून दाखवायची. बाळंतपणाच्या पुस्तकात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, 'रिअशुअर द पेशंट'. "म्हणजे धीर द्यायचा," मी सांगितलं. "ते समजलं वं. पण बोलायचं काय?" पुस्तकात ते दिलं नव्हतं. मी जरा विचार केला आणि म्हटलं, "मी आहे, असं म्हणायचं."

लेबर रूममध्ये आम्हा विद्यार्थिनींना नाडी मोजायची, बाळाचे ठोके ऐकायचे आणि पाहिलेलं केसबुकात लिहून सही घ्यायची, एवढंच काम असे. एखाद्या बाईला कोणी ओरडलं, मांडीवर चापट मारली, तरी आम्ही भिंतीकडे बघत राहायचो. एकोणीस वर्षांच्या होतो. घरच्यांना दाराबाहेर थांबवत, त्यामुळे आत त्या बाईला आमच्याशिवाय कोणी नसे, आणि आमच्या हातात काहीच नसे. तिथे एका सकाळी रुख्मा आली, पहिलटकरीण, आमच्याच वयाची. तिनं कुसुमचा हात जो धरला तो सोडेना. "बाई, तू जाशीन नाई ना?"

"मी आहे ना वं. काहून घाबरतेस?"

दोन वाजता ड्यूटी संपली. "स्टुडंट्स, बाहेर. होस्टेलची बस उभी आहे," सिस्टर म्हणाल्या. कुसुमनं थांबू का म्हणून विचारलं. "ही काय धर्मशाळा आहे? हजेरी बसमध्ये होते." कुसुम जागची हलली नाही. बस चुकेल म्हणून मी पुढे झाले आणि रुख्माची बोटं एकेक करून सोडवली. घामेजलेली, गरम बोटं होती. ती कुसुमकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसरी बाई होती. मूल वाचलं होतं, रुख्मा रक्तस्रावानं गेली होती. आया म्हणाली, "शेवटपर्यंत पुसत होती बिचारी, नर्सबाई कुठी गेली म्हणून."

त्या संध्याकाळी कुसुम एवढंच बोलली, "मी थांबली असती तरी ती वाचली नसती, मले समजते. पण मी खोटं बोलली तिच्याशी." 'मी आहे' हे शब्द माझे होते, बोटंही मी सोडवली होती. तिनं मला कधी बोल लावला नाही. तिनं ती केस केसबुकात लिहिली नाही. मी लिहिली, स्वच्छ अक्षरात... पेशंटला धीर दिला. सहीसुद्धा मिळाली.

पुढे मी शिकवण्याकडे वळले, लेबर रूम टाळली. कुसुम निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. माझ्या विद्यार्थिनी तिच्या हाताखाली शिकून परत येत आणि तक्रार करत, "मॅडम, त्या सिस्टर आधी जायचीच वेळ सांगतात! पेशंट घाबरणार नाही का?" ती प्रत्येक खाटेशी जाऊन म्हणायची, "मी कुसुम. दोन वाजेपर्यंत आहे. मग मालती येईन." आणि दोन वाजता त्या बाईचा हात मालतीच्या हातात देऊनच निघायची. माझ्या घरी आली तरी दारातूनच जायची वेळ सांगायची.

ती गेली त्या दिवशी अतिदक्षता विभागात तिनं माझी बोटं धरली. मास्कमधून आवाज जेमतेम येत होता.

"किती वाजेपर्यंत आहेस?"

"पाच."

"मंग?"

"सहाला अनिल येईल."

मधला तास कोणाचाच नव्हता. तिनंही मनात तोच हिशेब केला असावा. मी नर्सला विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं, थांबू द्या म्हटलं. नियम नाही म्हणाले. मीच आयुष्यभर मुलींना शिकवलेले नियम. पाचला पहारेकऱ्यानं दारावर टकटक केली. मी हात सोडवून घेणार, तेवढ्यात तिनं आपली बोटं आपणच उघडली, एकेक करून. मला सोडवायला लावली नाहीत.

सई, नील, रविवारी तुम्ही "आम्ही आहोत ना, आजी," म्हणता. प्रेमानं म्हणता, पण मला ते ऐकवत नाही. कुसुमची खुर्ची शेजारी असते, मी ती हलवलेली नाही. तुम्ही मला फक्त सांगा, किती वाजेपर्यंत आहात... मग तेवढा वेळ मी नीट बोलेन.