कासाबाईची माफी

ताडकळसच्या येडबा मेंढक्याच्या गळ्यात गाणं होतं, पण चार माणसांत तोंड उघडायची लाज. पुतण्याच्या लग्नात नाव घ्यायचा आग्रह झाला, तेव्हा मात्र त्याला काय झालं कोण जाणे, उखाण्याचंच त्यानं लांबलचक गाणं केलं. बायको कासाबाईच्या घोरण्यापासून फुंकणीच्या मारापर्यंत सगळं त्यात आलं. एरवी तिला 'अगं' म्हणून हाक मारणारा गडी! मांडव हसून लोळला. कासाबाईही पदराआड हसली.

परभणीच्या कॅसेटवाल्या बन्सीधरनं त्याच गाण्याची कॅसेट काढली आणि घात झाला. त्या वर्षी जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या जीपगाड्यांत कासाबाईचं नाव वाजायला लागलं. बाजारात गिऱ्हाईक मेंढराचा भाव विचारायच्या आधी बायको अजून घोरते का, ते विचारायचं. येडबाला वीट आला. कासाबाईला तर पाण्याला जायची सोय राहिली नाही. आडावरची टवाळ पोरं तिला नावानं हाका मारायची. एक दिवस ती पोखर्णीला माहेरी निघून गेली.

बन्सीधर तसलंच दुसरं गाणं मागायला आला. येडबा म्हणाला, आता हसवणार नाही. मग तो आठ गाणी गायला, सगळी थंड चुलीची, आणि प्रत्येक गाण्यात कासाबाईचं नाव घेऊन माफी. ऑर्केस्ट्रातल्या भुजंगनं ढोलासोबत गिटार अशी रडकी वाजवली, की ही कॅसेट वरातीत लावायची की दहाव्याला, म्हणून बन्सीधरनं कपाळावर हात मारला. येडबा हटला नाही.

कॅसेट निघाली तशी ती आणि उसना टेप घेऊन तो पोखर्णीला गेला. कासाबाईनं दोन्ही बाजू ऐकल्या, डोळे पुसले. येडबाला वाटलं, जिंकलो.

"ही कुनाकुनाला ऐकवलीत?" तिनं विचारलं.

येडबा फुशारकीनं म्हणाला, "समद्या तालुक्यांत गेलीया."

"म्हंजी माझी माफी बी बाजारातच मागितली. मला कधी सांगनार?"

आता हिला काय करावं! येडबा वैतागला, आणि सवयीनं पहिल्याच गाण्याची ओळ धरली. तिनं हात वर केला.

"चाल लावू नका. नुस्तं म्हना."

आठ गाणी गाणाऱ्याला एक शब्द सुचेना.

"चुकलं माझं," शेवटी निघालं, तेही बेसूर.

कासाबाईनं उठून गाठोडं काखेत मारलं आणि दारातल्या चपला पायात घातल्या.