दातांसाठी नेलपॉलिश

कुंभकोणमच्या मोठ्या बाजारात रंगा नावाच्या माणसाचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथं नेलपॉलिशची बाटली हातात आली, की पंकजाबाई आधी बूच फिरवून काढतात, कुंचल्यावरचा रंग उजेडात धरतात, मग बाटलीच्या पोटातला रंग बघतात. दोन्ही एकच असल्याची खात्री झाली, की बूच पुन्हा घट्ट बसवतात. स्वतःच्या नखांना मात्र त्यांनी साठ वर्षांत एक थेंब लावलेला नाही.

यंदा दिवाळीच्या खरेदीला त्यांची भाची वाणी बरोबर होती. चेन्नईला नोकरी करते, सणाला येते. आत्याचा हा बुचांचा सोहळा बघून ती हसायला लागली. तेवढ्यात रंगा गल्ल्यावरूनच म्हणाला, "काय अक्का, अजून दातांनाच का?"

"दातांचंही सुटलं आता," पंकजाबाई म्हणाल्या.

"दातांना नेलपॉलिश?" वाणीनं विचारलं.

"चल, बसमध्ये सांगते."

वाणीनं दोन बाटल्या घेतल्या आणि दोघी चोळपुरमच्या बसला बसल्या. खिडकीशेजारी बसून पंकजाबाई सांगू लागल्या. वीसेक वर्षांपूर्वीची ती प्रयोगशाळा, लांब ओटा, खिडकीतून येणारा कण्हेरीचा वास, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

गावाबाहेरच्या डेंटल कॉलेजात त्या तंत्रज्ञ होत्या. रूट कॅनालवर तिथं संशोधन चाले. दात किडून आतली नस मेली, की ती बारीक सुयांनी खरवडून काढायची आणि रिकामी नळी रबरासारख्या एका चिवट डिंकानं भरायची. भरताना केसाएवढी फट राहिली, तरी पुन्हा जंतू शिरतात. तेव्हा फट कुठल्या पद्धतीनं कमी राहते, हे बघायला काढून टाकलेले दात लागत, आणि ते जमवणं पंकजाबाईंचं काम. गावोगावच्या दातांच्या डॉक्टरांकडे मिठाच्या पाण्याच्या बरण्या ठेवून यायच्या, आठवड्यानं आणायच्या. एकेका डॉक्टरापुढे दातांच्या कण्या कराव्या लागत. बरणीत निम्मे दात विड्यानं विटकरी झालेले. सुंदरपेरुमाळ कोयिलचे एक आजोबा तर महिन्यानं आपली दाढ परत मागायला आले होते. "चितेवर अस्कं शरीर जायला हवं, एक दातही मागं राहायला नको," म्हणाले. नशिबानं ती दाढ अजून बरणीतच होती.

घरी थोरले भाऊ कृष्णस्वामी, म्हणजे वाणीचे वडील, चेष्टा करत, "पंके, लोक तांदूळ निवडतात, तू दात निवडतेस. बेस आहे!"

"हसतील त्याचे दात दिसतील, अण्णा. आणि मला चांगले दात हवेच आहेत," त्या म्हणत.

त्या वर्षी सुप्रजा नावाची मुलगी शिकायला आली. हात इतका हलका, की तिची सुई दातात कधी मोडली नाही. प्रयोग साधा होता. साठ दात, सगळे एका मुळाचे, सरळ नळीचे. निम्मे जुन्या पद्धतीनं, म्हणजे थंड डिंकाच्या काड्या एकीशेजारी एक दाबून भरायचे. निम्मे नव्या यंत्रानं, डिंक गरम करून. ते यंत्र विभागप्रमुख डॉक्टर चंद्रमौळींनी मोठ्या हौसेनं परदेशातून मागवलं होतं. भरलेल्या दाताला बाहेरून नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे, फक्त मुळाचं टोक उघडं ठेवायचं आणि सगळे दात एकाच शाईत बुडवायचे. आठवड्यानं दात उभा चिरायचा. शाई टोकातून जितकी वर चढली, तितकी भरणी कच्ची. शाईतून निघाल्यावर कुठला दात कुठल्या गटातला, हे फक्त नेलपॉलिशच्या रंगावरून कळायचं. कुठला रंग कुठल्या पद्धतीचा, हे एकट्या पंकजाबाईंना ठाऊक. त्यांनी ते लिहून पाकिटात बंद केलेलं. मोजणाऱ्या सुप्रजालाही सांगायचं नाही, म्हणजे मोजताना मन कुठं झुकायला नको.

रंग आणायला गेल्या, तर दिवाळी तोंडावर, बांगड्यांच्या दुकानात दोनच उरलेले. दोन्ही लाल. एक कुंकवासारखा, एक डाळिंबाच्या दाण्यासारखा.

"नखं दहाच ना अक्का? दोन बाटल्या कशाला?"

"नखांना नाही रे, दातांना."

रंगानं ही गोष्ट अख्ख्या बाजाराला सांगितली.

बाटल्या कॉलेजच्या कपाटात ठेवल्या, तर तिथल्या मुली दोन दिवसांत संपवायच्या. म्हणून पंकजाबाई त्या घरी नेत. ओळखायला चिकटपट्टीवर १ आणि २ लिहून पट्ट्या लावल्या होत्या, पण बाटल्यांना नाही, बुचांना. एक म्हणजे कुंकू, थंड भरणीचा. दोन म्हणजे डाळिंब, गरम भरणीचा. पहिला हात गुरुवारी दिला, दुसरा शुक्रवारी. शुक्रवारी कुंचला दातावर फिरवताना रंग जरा वेगळा वाटला खरा. पण ओला रंग गडदच दिसतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि साठही दात पुरे केले.

दहा दिवसांनी मोजणी झाली, पाकीट उघडलं. गरम भरणीत शाई निम्मीच चढली होती. चंद्रमौळी डॉक्टर खुर्चीतून उठून सगळ्यांसाठी कॉफी सांगून आले. सुप्रजाला पंधरा दिवसांनी बंगळूरला परिषदेत हा निबंध वाचायचा होता. आणि बोलता बोलता डॉक्टर पंकजाबाईंना म्हणाले, "तुमच्या कायम नोकरीचा कागद टेबलावर आहे. सोमवारी सही करतो."

अकरा वर्षं त्या हंगामी होत्या.

शुक्रवारची दुपार. चिरलेले दात धुऊन डब्यांत भरायचं काम चाललं होतं. एका दातावरचा नेलपॉलिशचा पापुद्रा सुटून त्यांच्या बोटाला चिकटला. वरून डाळिंब. त्यांनी सहज उलटा केला. आतून कुंकू.

दुसरा दात खरवडला. वर कुंकू, आत डाळिंब. तिसरा, चौथा. सगळीकडे तसंच. पहिला हात बरोबर होता, दुसरा उलटा. म्हणजे पाकीट उघडल्यावर ज्यांना गरम धरलं, ते थंड होते. नवं यंत्र जिंकलं नव्हतं, हरलं होतं.

डबे बंद करून पंकजाबाई घरी आल्या. वाटभर एकच कोडं, बुचं बदलली कशी? पडवीत नऊ वर्षांची वाणी पाटी घेऊन बसली होती. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. डाव्या हाताच्या नखांवर कुंकवाचे उडालेले टवके, उजव्या हातावर डाळिंबाचे. पोरीचा चेहरा उतरला. कोडं सुटलं होतं.

शनिवार, रविवार त्यांना अन्न गोड लागलं नाही. डबे फडताळात गेले होते, ते कुणी उघडणार नव्हतं. पापुद्रा कुणी उलटणार नव्हतं. सोमवारी सही, मग पेन्शनपर्यंतची निश्चिंती. आणि तिकडे सुप्रजा शेकडो डॉक्टरांपुढे उभी राहून खोटं वाचणार, तेही मनापासून खरं समजून. भावानं विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाल्या, "दाढ दुखतेय."

सोमवारी त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, डबा टेबलावर ठेवला. कागद तिथंच होता.

"सर, सही करायच्या आधी हे बघा."

डॉक्टरांनी भिंग मागवलं. सुप्रजालाही बोलावलं. साठच्या साठ दात एकेक करून खरवडायला लावले. दीड तास गेला. शेवटी सुप्रजा रडकुंडीला येऊन म्हणाली, "पंकजाबाई, हे तुम्ही आधी का नाही बघितलं?"

"बघितलं होतं गं. ओला रंग गडद दिसतो म्हणून मनाची समजूत घातली. तीच चूक."

"पण बुचं बदललीच कशी? घरी कुणी हात लावला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याच हातून झालं, सर."

डॉक्टरांनी कागद खणात टाकला. त्या दिवशी सही केली नाही. सुप्रजाची परिषद हुकली. पंकजाबाईंनी पुन्हा बरण्या फिरवल्या, नवे साठ दात जमवले. या खेपेला एका गटाला हिरवा रंग, दुसऱ्याला पांढरा. सहा महिने गेले. पुन्हा थंड भरणीच सरस ठरली. डॉक्टरांनी ते परदेशी यंत्र कपाटात ठेवून दिलं. मग एका सकाळी त्यांनी पंकजाबाईंपुढे दोन कागद ठेवले. एक नोकरीचा, सही केलेला. दुसरा भिंतीवर लावायचा: 'क्रमांक बाटलीवर लिहावा, बुचावर नाही.'

तो कागद पिवळा पडेपर्यंत भिंतीवर होता. आता सुप्रजाच विभागप्रमुख आहे. दात न चिरता आतलं चित्र काढणारं यंत्र आलंय, नेलपॉलिश कुणी आणत नाही. गेल्या वर्षी पंकजाबाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी सुप्रजानं तो कागद जपून काढला आणि त्यांच्या पिशवीत घातला.

बस चोळपुरमला पोचली. उतरल्यावर वाणीनं आत्याच्या हातातली पिशवी घेतली.

"आत्या, मला आठवतंय. मी पाण्याच्या पिंपामागं बसून लावलं होतं. आणि तू माझे हात धरलेस ना, तेव्हा वाटलं, आता मार बसतो. पण तू म्हणालीस, 'बेस दिसतंय.' मी दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना हात दाखवत फिरले."

"दिसत होतं बेस. खोटं कशाला बोलू?"

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? लेकराची खोडी म्हणून सोडलं असतं त्यांनी."

"शुक्रवारी कुंचला कुणाच्या हातात होता?"

घरी आल्यावर वाणीनं दोन्ही बाटल्या काढल्या आणि आत्यासमोर मांडी घालून बसली. "हात पुढे कर. आज नाही म्हणायचं नाही."

"या वयात? रंगाला कळलं तर पुन्हा बाजारभर करेल."

"करू दे."

पंकजाबाईंनी डावा हात पुढे केला. वाणी बूच फिरवायला लागली, तसा मागे घेतला.

"आधी कुंचला बघ," त्या म्हणाल्या. "मग बाटली."