ईश्वरीची मान वळली तेव्हा

शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. किन्हवलीच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. मुलं हात धुऊन वर्गात येत होती आणि सुनीलचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. तो एवढंच म्हणाला, "दादा गेला गं." मी विचारलं, "कुठे?" मग माझं मलाच कळलं...

दादा म्हणजे माझे थोरले दीर, काशिनाथदादा. मुरबाडच्या बाजारात त्यांचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या दिवशी सरळगावच्या बाजूला नदीवर कुणाची तरी मोटार बसवायला गेले होते. काम उरकलं, पाणी मागितलं, झाडाला टेकून बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशी नुकती कुठे ओलांडली होती. आता महिना होऊन गेला. घरात बोलताना अजून आम्ही त्यांच्याबद्दल 'आहेत' असंच बोलतो. मग कुणीतरी थांबतं, पण चूक कुणी सुधारत नाही.

दादांचं डोकं मागून उजव्या बाजूला चपटं होतं. उजवा कान किंचित पुढे सरकलेला आणि मान डावीकडे जराशी कललेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस सतत कान देऊन काहीतरी ऐकतोय. शाळेत मुलं त्यांना चपट्या म्हणायची. ते नाव पुढे बाजारातही आलं. "चपट्याकडं टाक मोटार, दोन दिसात देतो," असं लोक एकमेकांना सांगायचे आणि दादा हसून मोटार उतरवून घ्यायचे. त्यांचं लग्न झालं नाही. एका ठिकाणी बघायला गेले होते, तिकडून नकार आला. त्यानंतर त्यांनी कुणाला विषयच काढू दिला नाही. "दुकानातच दिवस जातो, बायको काय भिंतीकडं बघत बसंल?" असं म्हणायचे. खरं कारण काय होतं, मला माहीत नाही. आईंना मात्र, म्हणजे माझ्या सासूबाईंना, खात्री होती की डोक्यापायीच पोराचा संसार झाला नाही.

सहाएक वर्षांपूर्वी आमची मुलगी ईश्वरी तीन महिन्यांची झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती सारखी उजवीकडेच बघते. दूध पाजताना डावीकडे वळवलं की कुरकुरायची. डोक्याचा मागचा उजवा भाग हाताला सपाट लागायचा. शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, सगळ्याच पोरांचं असतं, भरून येतं. आईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याची उशी शिवली, तिच्यात मोहरी भरली आणि ईश्वरीच्या डोक्याखाली दिली. घरोघर देतात तशीच. मलाही पुरेसं वाटलं ते.

एका संध्याकाळी दादा दुकानातून आले, साबणाने हात धुतले आणि पोरीला घेऊन ओटीवर बसले. तिच्या डोक्यामागून हात फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. मग मला म्हणाले, "मनीषा, उद्या शहापूरला जाऊ. लहान पोरांच्या डॉक्टरला दाखवू."

मी म्हटलं, "दादा, सगळ्या म्हणतात भरून येईल."

"माझा पन आला असता मग," ते म्हणाले.

स्वतःच्या डोक्याविषयी ते कधी बोलल्याचं त्या आधी मी ऐकलं नव्हतं. आतून आईंनी ते ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी न विचारता त्याही नेसून तयार झाल्या.

डॉक्टर शांत होते. त्यांनी ईश्वरीचं डोकं वरून पाहिलं, कवटीचे सांधे बोटांनी चाचपले, मान दोन्हीकडे वळवून बघितली. सांधे मोकळे आहेत, मेंदूला काही धोका नाही, घाबरायचं कारण नाही, असं आधी सांगून टाकलं. मग म्हणाले, "मानेचा डावा स्नायू आखडलाय. म्हणून ती उजवीकडेच बघते. आणि बाळ सारखं त्याच बाजूवर पडून राहिलं, की कवटी मऊ असते ना, तो भाग दबतो." उशी काढून टाका, राईची असो की कापसाची, बाळाला उशी नकोच, असंही सांगितलं. झोपवताना उताणंच, पण जागी असेल तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पोटावर ठेवायचं, मान डावीकडे वळेल असं खेळवायचं आणि व्यायामासाठी आठवड्याला यायचं. मी हेल्मेटबद्दल विचारलं, कारण मोबाइलवर वाचलं होतं. ते म्हणाले, "फारच वाकडं असेल आणि याने फरक पडला नाही, तर पुढे बघू. हिचं वय लहान आहे. हिला बहुतेक लागणार नाही."

मी हे सगळं नीट ऐकत होते. आई ऐकत नव्हत्या. त्या दादांच्या डोक्याकडे बघत होत्या.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, छत्री आतच राहिली, आणि परत आत गेले. घरी आल्यावर आईंनी पाळण्यातली ती उशी उचलली, उसवली, मोहरी डब्यात ओतली आणि खाली बसल्या.

"हा झाला तवा भातकापनी होती," त्या दादांकडे न बघता म्हणाल्या. "नंतर गवताची कापनी. सकाळी झाडाखाली गोधडीवर निजवायची नि पार सांजेला उचलायची. मधी पाजायला तेवढी यायची. पोर रडायचा नाय... शाना हाय, म्हनायची मी." मग उसवलेल्या लुगड्याची घडी घालत म्हणाल्या, "म्हंजी मीच केला ह्यो."

दादा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "आये, मी इचारला डॉक्टरला. छत्री आनायला गेलो तवा. माझी मान तुझ्या पोटातच आखडली व्हती, म्हनला. निजवन्याचा काय संबंध नाय."

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. उठून चुलीकडे गेल्या.

दोन दिवसांनी मी दादांना विचारलं, डॉक्टर खरंच असं म्हणाले का. ते म्हणाले, "छत्री घेतली नि आलो. इचारलाच नाय."

"मग विचारायचं होतं ना."

"नि तो वेगळा बोलला असता तर?"

पुढच्या खेपेला मीच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्यांचीही मान जन्मतःच आखडलेली असू शकेल, पण इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही. आणि यात दोष कुणाचाच नसतो. मी ते दादांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पण आईंनी ईश्वरीला हात लावणं सोडलं. आंघोळ नाही, मालीश नाही, मांडीवर घेणं नाही. "माझ्या हाताला नको," म्हणायच्या आणि भांडी घासत राहायच्या. व्यायाम मी करायचे, आणि संध्याकाळी दादा. ते ओटीवर चटई टाकून उताणे झोपायचे आणि तिला आपल्या छातीवर पालथी घालायचे. ती रडून गोंधळ घालायची. दादा खालून दुकानातले पान्हे वाजवायचे, शिट्ट्या मारायचे, जीभ काढून दाखवायचे. ती डोकं जरासं उचलायची आणि पुन्हा उजवा गाल टेकून पडायची. डावीकडे म्हणून वळायची नाही. आठवडे असेच गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या बाजूने तिला आवडणारा आवाज येऊ द्या. आम्ही खुळखुळा केला, मोबाइल वाजवून बघितला...

एका संध्याकाळी ती अशीच दादांच्या छातीवर रडत होती आणि आई तिच्या डाव्या बाजूने तांब्या घेऊन चालल्या होत्या. जाता जाता सवयीने बोलल्या, "काय झाला गो माझ्या बायला?" ईश्वरी गप्प झाली. डोकं उचललं आणि हळूहळू, थरथरत, मान आवाजाच्या दिशेने वळवली. पूर्ण नाही, अर्धीच. दादा हलले नाहीत. पडल्या पडल्याच म्हणाले, "आये, बस इथंच. बोलत ऱ्हा."

आई तांब्या हातात धरूनच बसल्या. त्यांनी भाजीत काय घातलंय ते पोरीला सांगायला सुरुवात केली. त्या दिवसापासून डावी बाजू आईंची झाली. मी पाजताना त्या डावीकडे बसायच्या, रात्री पाळण्याच्या डाव्या अंगाला अंथरूण घालायच्या. पुन्हा मालीश करायला लागल्या, फक्त डोक्याला दाब द्यायच्या नाहीत. मान आधी मोकळी झाली, डोकं मग सावकाश भरत गेलं. हेल्मेट लागलं नाही. आज ईश्वरी पहिलीत आहे. उजव्या कानामागे थोडा सपाटपणा राहिलाय, तो फक्त वेणी घालताना कळतो.

दादा गेले त्या दिवशी त्यांना अंगणात आणून ठेवलं तेव्हा त्यांची मान आपसूक उजवीकडे वळली. आईंनी डोक्याखाली हात घातला आणि उचलायची वेळ होईपर्यंत तो काढला नाही.

दिवसकार्य झाल्यावर दुकान चालू ठेवायचं असं आमचं ठरलं आणि सुनीलने दादांची मोटारसायकल बाहेर काढली. खुंटीवरचं त्यांचं हेल्मेट डोक्यात घातलं तर ते एका बाजूला कललं. आत बघितलं, तर उजव्या मागच्या कोपऱ्यात कापडाची छोटी गादी टाचलेली. दादांच्या डोक्यावर हेल्मेट डगडगायचं, म्हणून ती गादी. इतकी वर्षं रोज ते हेल्मेट नजरेसमोर होतं, पण मी आत कधी डोकावले नव्हते. गादी काढायला मी कात्री आणली.

"ऱ्हाऊं दे गो," आई म्हणाल्या. "मीच शिवलेली हाय. दरसाल दबली का त्यो आनून द्यायचा. 'आये, वाईच भर घाल' म्हनायचा."

मी कात्री खाली ठेवली. आईंनी हेल्मेट मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "तवा डॉक्टरला त्यानं काय इचारला नव्हता. मला ठाव हाय. दाराच्या काचंतून दिसत व्हता मला. छत्री घेतली नि वळला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत ते?"

"त्याला वाटत व्हता मला बरा वाटला," त्या म्हणाल्या. "म्हनून बरा वाटून घेतला."

सुनीलने नवीन हेल्मेट आणलं. जुनं खुंटीवरच आहे. परवा शाळेतून आले तेव्हा आई ओटीवर उजेडाकडे पाठ करून बसल्या होत्या. हेल्मेट मांडीवर उलटं ठेवलेलं, एका बाजूची शिवण उसवलेली. गादीत नवा कापूस भरून त्या टाके घालत होत्या. मी सुईत दोरा ओवून दिला.