पापा ॲक्टर!

माझी मुलगी लोकांना ठोसे मारते आणि लोक माझं अभिनंदन करतात.

गार्गी बॉक्सर आहे, हे सांगताना माझी छाती फुगते. मात्र तिची एकही लढत मी परवापरवापर्यंत पाहिली नव्हती, हे मी सहसा सांगत नसे. मला रक्त चालत नाही. (सदाशिव पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. धंदा निवडतानाही मी ती काळजी घेतली होती!) गार्गी रिंगमध्ये उतरली की मी हॉलबाहेर चहा प्यायला जायचो आणि आतला आरडाओरडा थांबला की परत यायचो. एकदा ती लवकर जिंकली, तेव्हा चहा अर्धा टाकून यावं लागलं होतं.

पण या वेळी स्पर्धा आंतरराष्ट्रीय होती, पुरुषांची आणि महिलांचीही, आणि तीही पुण्यात. गार्गी उपांत्य फेरीत पोचली. बायकोनं, म्हणजे नंदानं, सकाळीच बजावलं, "अहो, आज बाहेर चहा पीत उभे राहिलात, तर घरी येऊ नका. तिथेच टपरी टाका."

सोबत आमचे शेजारी डबीरही आले. त्यांना बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, पण मला ते फार चांगलं ओळखतात.

"तुम्ही आत बसणार?" त्यांनी रिक्षात विचारलं.

"बसणार म्हणजे? बाप आहे मी तिचा!"

"ते ठीक आहे. पण मी तुमच्या डावीकडे बसतो. परवा पंखा पुसताना स्टुलावरून उजवीकडे पडला होतात."

खेळाडूंच्या आईवडिलांना रिंगच्या अगदी जवळच्या खुर्च्या होत्या. इतक्या जवळच्या की ठोशाचा आवाज नुसता ऐकू यायचा नाही, पोटात लागायचा! समोर कझाकस्तानची मुलगी होती. उंच, शांत, हात लांबच लांब. पहिली फेरी तिनं घेतली.

आणि नंदा! घरी पाल दिसली तर "मारू नका हो, बाहेर सोडा" म्हणणारी ही बाई खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "बरगडीत दे तिच्या! बरगडीत!" मला समोरच्या मुलीपेक्षा शेजारच्या बाईचीच भीती वाटायला लागली.

दुसऱ्या फेरीत गार्गी थकली. कोपऱ्यात अडकली. त्या लांब हाताचा एक ठोसा सरळ तिच्या नाकावर बसला आणि नाकातून लाल बारीक ओघळ आला. मी तो पाहिला. त्यानंतर मी छत पाहिलं. त्यानंतर काहीच पाहिलं नाही.

शुद्ध आली तेव्हा माझे पाय कुणीतरी वर धरले होते आणि एक डॉक्टर माझ्या पापण्या उघडून बघत होते.

"अहो, मला सोडा, माझ्या मुलीला बघा!" मी पुटपुटलो.

"मुलीलाच बघायला बसलो होतो. तुम्ही मध्ये आलात," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मला कळलं, की हे रिंगचे डॉक्टर! ते जागेवर नसतील तर लढत चालू ठेवता येत नाही. मी पडलो, ते धावले आणि आंतरराष्ट्रीय सामना थांबला. तिकडे गार्गी दोरांना टेकून मजेत श्वास घेत होती.

आणि नेमकं तेच समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकांना खुपलं. गृहस्थ दाराएवढे रुंद. ते माझ्याकडे बोट दाखवून गरजले, "पापा ॲक्टर! पापा ॲक्टर!"

मुलीला विश्रांती मिळावी म्हणून बापानं पडायचं नाटक केलं, असा त्यांचा आरोप होता. कोट घातलेले एक अधिकारी हातात माइक घेऊन आले. त्यांच्याबरोबर एक दुभाषी मुलगी होती.

"काय झालं होतं आपल्याला?" अधिकाऱ्यांनी मराठीतच विचारलं.

मला पुन्हा खुर्चीवर बसवलं होतं आणि सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. आता अख्ख्या हॉलसमोर घाबरलो म्हणून कसं सांगायचं? माझ्यातला पुणेकर जागा झाला.

"काही नाही. पाय घसरला."

"बसल्या जागी?" हे डबीर!

दुभाषी मुलीनं इमानानं भाषांतर केलं. ते प्रशिक्षक दोन्ही हात वर करून सगळ्या हॉलकडे वळले. "ॲक्टर!"

अधिकाऱ्यांचा चेहरा कडक झाला. नंदानं माझा दंड असा दाबला, की पुन्हा चक्कर यायची बाकी राहिली. तेवढ्यात रिंगमधून गार्गी ओरडली. नाकात कापूस असल्यानं आवाज बसका आला, पण शब्द स्पष्ट होते.

"बाबा, खरं सांगा ना! मला बाद करतील!"

मी माइक हातात घेतला.

"घाबरलो," मी म्हणालो. "रक्त बघून घाबरलो. मला रक्त चालत नाही. भाजी चिरताना बोट कापलं तरी मी खाली बसतो. इंजेक्शन घ्यायचं असलं की बायको बरोबर लागते."

"दोन माणसं लागतात," डबीर म्हणाले. "दुसरा मी."

आमचे लोक खदाखदा हसले. मग दुभाषी मुलीनं सांगितलं आणि पलीकडचे लोक हसले. माझा भित्रेपणा असा दोन भाषांत, दोन हप्त्यांत जाहीर झाला! ती उंच मुलगीसुद्धा ग्लोव्ह तोंडावर धरून हसत होती. डॉक्टरांनी "नाडी सापडत नव्हती" अशी साक्ष दिली. ते दाराएवढे गृहस्थ माझ्याकडे आले आणि मला खुर्चीवरून उचलून मिठी मारत म्हणाले, "पापा नो ॲक्टर."

लढत पुन्हा सुरू झाली. मी नंदाच्या पाठीला डोकं टेकून बसलो आणि तिच्या ओरडण्यावरून अंदाज घेत राहिलो. शेवटी ती ओरडायची थांबली आणि रडायला लागली, तेव्हा मी समजलो, गार्गी जिंकली.

बाहेर आल्यावर गार्गी माझ्या गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही पडलात ना, तेव्हा मला जेवढी भीती वाटली, तेवढी तिच्या ठोशांची नाही वाटली."

माझे डोळे भरून आले.

"पण," ती कानात म्हणाली, "दम मात्र मस्त परत आला हां!"

अंतिम लढतीला मी हॉलच्या दारात पाऊल टाकतो न टाकतो, तोच तेच डॉक्टर समोर आले आणि मला हाताला धरून आत घेऊन गेले.

"तुम्ही माझ्या शेजारी बसा. म्हणजे मला उठायला नको."

अशी मला हॉलमधली सर्वांत चांगली जागा मिळाली. गार्गीनं रौप्यपदक पटकावलं. आता दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्या लढतीबद्दल विचारतं आणि मी एकेक ठोसा रंगवून रंगवून सांगतो. डॉक्टर लढतीभर माझी नाडी धरून जे जे सांगत होते ते सगळं मला पाठ आहे. डोळे मिटलेले असले की ऐकलेलं फार चांगलं लक्षात राहतं!